अपग्रेड करायचं की फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकायची? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीतला जो तो एकच प्रश्न घेऊन येतोय, की आहे त्याच्यावरच ११ चढवू का सरळ फॉरमॅट मारू. मी आत्तापर्यंत स्वतःच्या, घरच्यांच्या आणि मित्रांच्या मिळून बऱ्याच मशीनवर हे दोन्ही प्रकार केलेत. त्यात एकदा वर्षभराच्या नोंदी कायमच्या गमावल्या आणि एकदा चुकीची डिस्क पुसायच्या अगदी काठावर जाऊन थांबलो. तेव्हा जे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं ते इथे लिहून ठेवतोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच. बहुतेक जण कुठला प्रकार चांगला यावर दोन-दोन दिवस डोकं खपवतात आणि बॅकअप दहा मिनिटांत उरकतात. कृपा करून हे उलटं करा. तुम्ही अपग्रेड करणार असाल तरी तयारी मात्र फॉरमॅटच मारायचाय असं समजून करा, कारण अपग्रेड अर्ध्यात फसलं तर शेवटी फॉरमॅटवरच यावं लागतं आणि त्या वेळी तयारीला वेळ मिळत नाही.

१. दोन्हीत आत नेमकं काय होतं

क्लीन इन्स्टॉल म्हणजे डिस्कवरचं जुनं पुसायचं आणि कोऱ्या जागेवर नवीन ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची. तुमचे प्रोग्राम, सेटिंग, सेव्ह केलेले पासवर्ड, वॉलपेपर, सगळं जातं.

इन-प्लेस अपग्रेड म्हणजे चालू विंडोजच्या आतूनच सेटअप चालवायचा आणि फाइल, प्रोग्राम, सेटिंग जागच्या जागी ठेवून फक्त सिस्टीम बदलायची. लोकांना वाटतं की यात जुन्या फाइलींवर नव्या फाइली चिकटवल्या जातात, पण व्हिस्टापासून तसं होत नाही. सेटअप नव्या विंडोजची अख्खी इमेज (सगळ्या फाइलींचं एकत्र गाठोडं) डिस्कवर उलगडतो, जुनी विंडोज उचलून विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि मग तुमचे प्रोग्राम, ड्राइव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या, नोंदी नव्या सिस्टीममध्ये आणून बसवतो. म्हणून सिस्टीमच्या स्वतःच्या फाइली खरंच नव्या कोऱ्या असतात, पण तुमच्याकडे जुना कुजका ड्राइव्हर असेल किंवा पाच वर्षांपूर्वी काढलेल्या अँटिव्हायरसचे अवशेष असतील तर तेही सोबत येतात. अपग्रेडनंतर जे त्रास होतात ते बहुतेक वेळा या बरोबर आलेल्या सामानामुळे असतात.

मधला एक मार्गही आहे, सेटिंगमधलं "रीसेट धिस पीसी". त्यात "कीप माय फाइल्स" निवडलं तर फाइली राहतात आणि तुम्ही टाकलेले प्रोग्राम जातात. विंडोजची आवृत्ती मात्र आहे तीच राहते, त्यामुळे १० वरून ११ वर जायला हा उपयोगाचा नाही, नुसतं साफ करायला आहे.

२. कधी कधी निवड तुमच्या हातात नसतेच

हे आधी तपासा, कारण यात अडकलात तर पुढची चर्चा आपोआप संपते.

३२ बिटवरून ६४ बिटवर अपग्रेड होत नाही, तिथे क्लीन इन्स्टॉलच करावं लागतं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच आहे, म्हणजे तुमची १० जर ३२ बिट असेल तर प्रश्न मिटला. तुमची किती बिटची आहे ते सेटिंगमध्ये सिस्टीम, मग अबाउट, तिथे दिसतं.

विंडोज ७ वरून थेट ११ वर अपग्रेड करायचा अधिकृत रस्ता नाही. तिथेही क्लीन.

आणि विंडोज ११ ला काय लागतं ते बघा: ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, यूईएफआय (मशीन चालू करणारी नव्या पद्धतीची मूळ प्रणाली), सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टीम चालू होऊ देणारी सोय) चालेल असं मशीन आणि टीपीएम २.० (किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षेची सोय). प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिकेपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट ॲप आहे ते चालवलं की मशीन बसतं की नाही ते कळतं. ते "टीपीएम नाही" म्हणालं म्हणून लगेच निराश होऊ नका, पुष्कळ मदरबोर्डवर ते असतं पण बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेलं असतं. इंटेलवाल्यांकडे त्याचं नाव पीटीटी, एएमडीवाल्यांकडे एफटीपीएम. पण थांबा, बायोसमध्ये हात घालायच्या आधी पाचवा मुद्दा वाचा, नाहीतर मशीन चालू होताना अशी एक किल्ली मागेल जी तुमच्याकडे नसेल.

मशीन बसतच नसेल तर अटी चुकवून ११ टाकायचे उपाय आहेत, पण ज्याच्यावर कुणाचं रोजचं काम अवलंबून आहे अशा मशीनवर मी ते करत नाही, कारण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अशा वेळी लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार करा, त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

३. मग काय निवडायचं

माझं मत स्पष्ट आहे. मशीन आत्ता नीट चालतंय, हँग होत नाही, निळा स्क्रीन येत नाही, आणि त्यावर असे प्रोग्राम आहेत जे पुन्हा टाकणं कटकटीचं आहे, तर अपग्रेड करा. मशीन आधीच कुरकुरतंय, चालू व्हायला पाच मिनिटं घेतंय, व्हायरस येऊन गेलाय, किंवा सेकंडहँड घेतलंय आणि आधीच्या माणसाने त्यात काय काय टाकलंय ते माहीत नाही, तर क्लीन. सेकंडहँडच्या बाबतीत मी दुसरा विचारच करत नाही.

"क्लीन केलं की मशीन नव्यासारखं पळतं" असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. सुरुवातीला पळतं कारण स्टार्टअपला काहीच नसतं. हार्डडिस्क जुनी फिरती असेल तर महिन्याभरात पहिल्यासारखंच हळू होतं, तिथे एसएसडी बसवणं हाच खरा इलाज. आणि डिस्कच जर मरायला टेकली असेल तर दोन्हींचा उपयोग नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं ॲप डिस्कची तब्येत दाखवतं, तिथे पिवळा किंवा लाल रंग दिसला तर आधी डेटा दुसरीकडे हलवा आणि डिस्क बदला.

वेळेचंही सांगतो. एसएसडीवर क्लीन इन्स्टॉल वीस-पंचवीस मिनिटांत होतं, अपग्रेडला एक ते दोन तास लागतात, म्हणून लोकांना क्लीन सोपं वाटतं. पण क्लीननंतर सगळे प्रोग्राम टाकून, लॉगिन करून, प्रिंटर जोडून, सेटिंग पुन्हा मनासारखी करून पूर्वीइतकं सुरळीत काम सुरू व्हायला मला तरी दोन दिवस लागतात. महत्त्वाचं काम तोंडावर असताना क्लीन इन्स्टॉलला हात लावू नका.

४. बॅकअप, आणि तो नुसता डेस्कटॉप-डॉक्युमेंटचा नाही

इथे मी सगळ्यात मोठी चूक केली होती म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा फॉरमॅट मारला तेव्हा मी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे चारही फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले, दोनदा तपासले आणि निर्धास्त झालो. मी रोज एका नोट्सच्या ॲपमध्ये टिपणं लिहीत होतो, कुणाला काय द्यायचंय, कुठल्या कामात काय ठरलं, आईच्या औषधांच्या वेळा, असं सगळं. ते ॲप आपला डेटा ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं हे मला माहीतच नव्हतं. नवीन विंडोज टाकून झाली, ॲप उघडलं आणि समोर पांढरी रिकामी खिडकी. वर्षभराचं सगळं गेलं. रिकव्हरीचे दोन-तीन प्रोग्राम चालवून बघितले पण डिस्क एसएसडी होती, तिच्यात पुसलेल्या जागा डिस्क स्वतःच मागच्या मागे साफ करून टाकते, काहीही परत आलं नाही.

तेव्हा फोल्डर कॉपी करताना सी ड्राइव्हमधला तुमच्या नावाचा अख्खा यूजर फोल्डर घ्या, व्ह्यू मेनूतून लपलेल्या फाइल दाखवायला लावून. त्यातल्या काही फाइल "वापरात आहे" म्हणून कॉपी होणार नाहीत, त्या सोडून पुढे जा, पण कुठल्या सुटल्या ते वाचा. याशिवाय हे बघा:

- ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड. सिंक चालू आहे असं नुसतं समजू नका, दुसऱ्या मशीनवर किंवा फोनवर लॉगिन करून खरंच दिसतायत का बघा.
- आउटलुक वापरत असाल तर मेल साठवलेली पीएसटी फाइल. ती डॉक्युमेंट्समध्ये असू शकते किंवा ॲपडेटामध्ये, अकाउंट सेटिंगमध्ये डेटा फाइल्स म्हणून तिचा पत्ता दिसतो.
- सी ड्राइव्हच्या मुळाशी स्वतः बनवलेले फोल्डर. हिशोबाचे आणि जुने व्यावसायिक प्रोग्राम डेटा बऱ्याचदा तिथेच ठेवतात.
- गेमचे सेव्ह. काही डॉक्युमेंट्समध्ये, काही ॲपडेटामध्ये.
- वेगळे टाकलेले फॉन्ट. हे हमखास राहतात आणि मग जुनी फाइल उघडली की सगळी अक्षरं बदललेली दिसतात.
- वनड्राइव्हमध्ये ढगाचं चिन्ह असलेल्या फाइली. त्या तुमच्या डिस्कवर नसतातच, फक्त नाव दिसतं. डिस्क कॉपी केली म्हणजे त्या आल्या असं धरू नका, वेबवर जाऊन आहेत ना ते बघा.

दुसरं म्हणजे अख्ख्या डिस्कची इमेज. क्लोनझिला किंवा त्याचंच जरा सोपं रूप रेस्क्यूझिला हे दोन्ही फुकट आहेत, पेनड्राइव्हवरून चालू होतात आणि डिस्क जशीच्या तशी एका मोठ्या इमेजमध्ये बांधून बाहेरच्या डिस्कवर ठेवतात. अपग्रेड बिघडलं तर ती इमेज परत उतरवली की मशीन कालच्या अवस्थेत येतं. पण इमेज ही फाइलींच्या बॅकअपची जागा घेत नाही, एखादीच फाइल हवी असेल तेव्हा इमेज उघडत बसणं त्रासाचं असतं, म्हणून दोन्ही करा.

बॅकअप झाला की बाहेरची डिस्क काढा, दुसऱ्या मशीनला लावा आणि वेगवेगळ्या फोल्डरमधल्या पाच-सहा फाइली खरंच उघडून बघा. नाव दिसतंय म्हणजे फाइल धड आहे असं नसतं.

५. किल्ल्या आणि लायसन्स, हे कागदावर लिहून ठेवा

बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करायची सोय: आजकालच्या पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये टीपीएम किंवा सिक्युअर बूटचं सेटिंग बदललं की पुढच्या वेळी निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा कुणीही परत काढून देऊ शकत नाही, दुकानदारही नाही. ती की बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये रिकव्हरी कीज या पानावर असते, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे. ती आत्ता शोधा, कागदावर उतरवा, फोटोही काढा. आणि बायोसमध्ये जायच्या आधी बिटलॉकर "सस्पेंड" करा.

विंडोजचं लायसन्स: सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर "डिजिटल लायसन्स" असं दिसत असेल तर ते तुमच्या हार्डवेअरशी जोडलेलं आहे, त्याच मशीनवर विंडोजचा तोच प्रकार (होम किंवा प्रो) क्लीन टाकला की नेट मिळाल्यावर विंडोज स्वतःहून ॲक्टिव्हेट होते. सेटअपमध्ये की मागितली तर "माझ्याकडे की नाही" म्हणून पुढे जायचं. यात एक फसवी जागा आहे: लॅपटॉप होमसकट आला असेल आणि तुम्ही नंतर प्रो घेतलं असेल, तर क्लीन इन्स्टॉलचा सेटअप मदरबोर्डमध्ये कोरलेली होमची की वाचतो आणि काही न विचारता होम टाकून मोकळा होतो. घाबरू नका, आत गेल्यावर ॲक्टिव्हेशनच्या पानावर "चेंज प्रॉडक्ट की" करून प्रोची की टाकली की होतं, पण ती की हाताशी पाहिजे.

इतर प्रोग्राम: दोनच मशीनवर चालतील अशा लायसन्सचे जे प्रोग्राम असतात त्यांना फॉरमॅटच्या आधी आतून साइन आउट किंवा डीॲक्टिव्हेट करा, नाहीतर पुसलेलं मशीनसुद्धा एक जागा अडवून बसतं.

टू फॅक्टर: ओटीपीचे कोड देणारं ॲप जर याच कॉम्प्युटरवर असेल तर आधी ते फोनवर घ्या. फॉरमॅटनंतर लॉगिन करायला कोड हवा आणि कोड त्याच पुसलेल्या डिस्कवर होता, ही अवस्था फार वाईट.

६. हाताशी काय काय हवं

- किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, ज्यातलं सगळं पुसलं गेलं तरी चालेल असा
- बॅकअपची बाहेरची डिस्क, जी प्रत्यक्ष इन्स्टॉल करताना काढून ठेवायची आहे
- दुसरं चालू मशीन, निदान फोन तरी
- लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला, आणि नेट शक्यतो केबलचं
- तुमच्या मॉडेलचा वायफायचा आणि स्टोरेजचा ड्राइव्हर, कंपनीच्या सपोर्ट पेजवरून उतरवून एका वेगळ्या पेनड्राइव्हवर
- वरच्या मुद्द्यातला किल्ल्यांचा कागद
- टाकलेल्या प्रोग्रामची यादी. सेटिंगमध्ये ॲप्सचं पान उघडून फोनने फोटो काढले तरी पुरे

पेनड्राइव्ह बनवायला मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरा, किंवा आयएसओ (विंडोजच्या सेटअपची एकच मोठी फाइल) उतरवून रूफस नावाचं ॲप. आयएसओ नुसती पेनड्राइव्हवर कॉपी केली तर त्यावरून मशीन चालू (बूट) होत नाही, हे नवीन लोक हमखास करतात. आणि कुठूनतरी मिळालेली "आधीच ॲक्टिव्हेट केलेली" आयएसओ अजिबात घेऊ नका, तिच्यात कुणी काय घुसवलंय ते कळायला मार्ग नसतो.

७. अपग्रेड करताय तर

आधी घर आवरा. बाहेरचा अँटिव्हायरस पूर्ण काढा, व्हीपीएन काढा, प्रिंटर-वेबकॅम-कार्डरीडर सगळं उपटून फक्त कीबोर्ड-माउस ठेवा. सी ड्राइव्हवर मी निदान ३०-४० जीबी मोकळी करून घेतो. चालू विंडोजचे राहिलेले अपडेट टाकून एकदा रिस्टार्ट मारा.

मग चालू विंडोजमध्येच आयएसओवर डबल क्लिक करा, ती एखाद्या ड्राइव्हसारखी उघडते, त्यातला सेटअप चालवा. लक्षात ठेवा, अपग्रेड आतूनच करायचं असतं. पेनड्राइव्हवरून बूट केलं तर फाइल आणि ॲप्स राखायचा पर्याय मिळत नाही.

"काय ठेवायचं" या पानावर थांबून नीट वाचा. फाइली आणि ॲप्स दोन्ही, फक्त फाइली, काहीच नाही, असे तीन पर्याय येतात. पहिला पर्याय फिकट दिसत असेल आणि निवडताच येत नसेल तर तसेच पुढे जाऊ नका, तिथेच सेटअप बंद करा. बहुतेकदा कारण एवढंच असतं की तुमची विंडोज इंग्लिश युनायटेड स्टेट्स आहे आणि आयएसओ इंग्लिश इंटरनॅशनल उतरवलीये, किंवा होम-प्रोची गल्लत झालीये. बरोबर आयएसओ आणली की पर्याय उघडतो.

पुढे मशीन तीन-चारदा रिस्टार्ट होईल आणि टक्केवारी कुठेतरी अडकेल. मावशीच्या लॅपटॉपवर ती एकाहत्तरवर पाऊण तास थांबली होती. मावशी शेजारी बसून दर पाच मिनिटांनी "बंद करून चालू कर ना रे" म्हणत होती आणि माझंही बोट पॉवरच्या बटणापर्यंत गेलं होतं, पण डिस्कचा छोटा दिवा मधूनमधून लुकलुकत होता म्हणून हात मागे घेतला. मग एकदम एकाहत्तरवरून शहाऐंशीवर गेली आणि दहा मिनिटांत लॉगिनचा स्क्रीन आला. दिवा लुकलुकतोय, पंखा फिरतोय तोवर वाट बघा, जुन्या हार्डडिस्कवर तर दोन-तीन तास सुद्धा. ड्राइव्हर आणून बसवताना मध्येच वीज तोडली तर जुनीही धड राहत नाही आणि नवीनही.

अपग्रेड फसलंच तर सेटअप बऱ्याचदा स्वतःहून जुन्या विंडोजवर परत आणतो आणि एक एरर कोड देतो. तो कोड लिहून घ्या, तसाच्या तसा शोधला की कारण सापडतं: जागा कमी, एखादा न जमणारा प्रोग्राम, एखादा ड्राइव्हर.

८. क्लीन इन्स्टॉल करताय तर

अ) एकापेक्षा जास्त डिस्क असतील तर ज्यावर विंडोज टाकायची ती सोडून बाकीच्या सगळ्यांच्या केबल काढा. हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. एक तर चुकून दुसरी पुसली जात नाही, आणि दुसरं म्हणजे सेटअप कधी कधी विंडोज एका डिस्कवर टाकतो आणि तिला चालू करणारा बूटलोडर दुसऱ्या डिस्कवरच्या जुन्या ईएफआय पार्टिशनमध्ये (मशीन चालू करायच्या फाइली ठेवणारा डिस्कचा छोटा भाग). वर्षभराने तुम्ही ती जुनी डिस्क काढता आणि मशीन उठतच नाही.

आ) मशीन चालू होताना बूट मेनूची की दाबा. डेल आणि लेनोव्होवर बहुतेकदा एफ१२, एचपीवर एफ९. पेनड्राइव्हच्या नावापुढे यूईएफआय लिहिलेली ओळ असेल ती निवडा.

इ) डिस्कच दिसत नसेल तर ती मेली असं समजू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क हाताळणारी व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि तिचा ड्राइव्हर सेटअपकडे नसतो. "लोड ड्राइव्हर" म्हणून आधी उतरवून ठेवलेला स्टोरेजचा ड्राइव्हर द्या, डिस्क लगेच दिसते.

ई) पार्टिशनचं पान. माझ्या डेस्कटॉपमध्ये ५०० जीबीच्या दोन डिस्क होत्या, एक विंडोजची, एक फोटोंची, आणि केबल काढायचा कंटाळा केला होता. या पानावर डिस्कला नाव नसतं, डिस्क ० आणि डिस्क १ एवढंच, आणि दोन्हींपुढे आकडा ४६५ जीबी. मी डिस्क ० म्हणजे विंडोजचीच असं धरून तिच्यावर क्लिक केलं, डिलीट दाबलं, "यातला डेटा जाईल" अशी खिडकी आली, आणि तेव्हा कुठे लक्ष गेलं की डिस्क ० वर एकच मोठं पार्टिशन आहे. विंडोजच्या डिस्कवर नेहमी बारकी बारकी पार्टिशनं असतात, १०० एमबीचं सिस्टीम, १६ एमबीचं एमएसआर, काहीशे एमबीचं रिकव्हरी. ती सगळी डिस्क १ वर होती. कॅन्सल दाबलं, मशीन बंद केलं आणि फोटोंच्या डिस्कची केबल काढली. ती बारकी पार्टिशनं ही खूण लक्षात ठेवा.

बरोबर डिस्क सापडली की तिच्यावरची सगळी पार्टिशनं डिलीट करून मोकळी जागा निवडा आणि नेक्स्ट, बाकीचं सेटअप स्वतः पाडतो. सी सोडून त्याच डिस्कवर डी ड्राइव्ह असेल आणि तो ठेवायचा असेल तर मात्र त्याला सोडून बाकीची पुसा. "या डिस्कवर एमबीआर टेबल आहे म्हणून टाकता येत नाही" असा संदेश आला (एमबीआर म्हणजे पार्टिशनं मांडायची जुनी पद्धत) आणि बॅकअप पक्का असेल तर सगळी पार्टिशनं काढल्यावर तो अडसर जातो.

उ) पहिल्या रिस्टार्टला पेनड्राइव्ह काढा, नाहीतर काही मशीन पुन्हा सेटअपच्या पहिल्या पानावर आणून सोडतात आणि माणसाला वाटतं काहीच झालं नाही.

ऊ) पुढे नेट मागेल आणि वायफाय दिसणार नाही असं होऊ शकतं. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा चालतं. नाहीतर ठेवलेला ड्राइव्हर.

आत गेल्यावर आधी विंडोज अपडेट दोन-तीनदा चालवा, निम्म्याहून जास्त ड्राइव्हर तिथूनच येतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण राहिला असेल त्याचेच ड्राइव्हर कंपनीच्या पानावरून घ्या. "सगळे ड्राइव्हर एका क्लिकमध्ये" वाले प्रोग्राम टाकू नका, साफ केलेलं मशीन पहिल्याच दिवशी घाण होतं. आणि बिटलॉकर तपासा, नवीन विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केली की एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं आणि तेव्हा की नवीन असते, जुना कागद चालत नाही.

९. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी थोडक्यात

उबुंटू या लिनक्सच्या एलटीएस (जास्त वर्षं सपोर्ट असलेल्या) आवृत्त्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतात आणि अपग्रेड करताना मधली गाळता येत नाही. २०.०४ वरून २४.०४ वर जायचं तर आधी २२.०४ करावीच लागते. दोन अपग्रेड सलग करायची वेळ आली तर मी क्लीनच करतो. बाहेरून जोडलेले पीपीए (प्रोग्राम मिळायच्या जादा जागा) अपग्रेडमध्ये बंद केले जातात, ते नंतर एकेक करून चालू करा. नव्याने टाकताना होमचं, म्हणजे तुमच्या फाइलींचं, पार्टिशन वेगळं ठेवा, पुढच्या वेळी रूट (सिस्टीमचं पार्टिशन) फॉरमॅट करून होमला फॉरमॅटची टिक न लावता जोडलं की तुमच्या फाइली आणि बहुतेक सेटिंग तशाच राहतात. विंडोजवाल्यांना मिळत नाही ती ही सोय मला फार आवडते.

मॅकवर अपग्रेड हाच सरळ रस्ता आहे. २०२० च्या बिग सरपासून सिस्टीमचा भाग वेगळा आणि सीलबंद असतो, त्यामुळे तिथे कचरा साचायला वाव कमी. टाइम मशीनचा बॅकअप घ्या आणि अपग्रेड करा. जुन्या मॅकवर फक्त एक बघा, २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिटचे प्रोग्राम चालत नाहीत, तेव्हा त्याच्या आधीच्या आवृत्तीवर असाल तर कुठले बंद पडतील त्याची यादी आधी करा.

१०. झाल्यानंतरचे दिवस

अपग्रेड पसंत पडलं नाही तर सेटिंगमधल्या रिकव्हरीच्या पानावर "गो बॅक" असतं, पण ते फक्त १० दिवस. नंतर विंडोज डॉट ओल्ड फोल्डर आपोआप पुसला जातो. जागा भरली म्हणून लगेच डिस्क क्लीनअप चालवून तो फोल्डर काढू नका, तो गेला की परतीचा रस्ताही गेला. या १० दिवसांत रोजचंच नाही तर क्वचित लागणारंही सगळं एकेकदा चालवून बघा: प्रिंट, स्कॅन, मायक्रोफोन, प्रोजेक्टर, झोपवलेला लॅपटॉप पुन्हा नीट उठतो का.

बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप मात्र १० दिवसांवर ठेवू नका. मला त्या नोट्सशिवाय आणखी एक फाइल राहिल्याचं आठवलं ते तिसऱ्या आठवड्यात. ती फाइल बॅकअपमध्ये होती म्हणून मिळाली. निदान तीन महिने त्या डिस्कला हात लावू नका, आणि पुसायच्या आधी वर्षातून एकदाच लागणारी कामं आठवा, कराचे कागद, दाखले, विम्याच्या पावत्या, एखाद्या जुन्या कामाच्या फाइली. त्या सगळ्या नव्या मशीनवर उघडतायत ना ते बघा आणि मगच ती डिस्क दुसऱ्या कामाला घ्या.